गाळणीत अडकलेली हाक

पक्षाघाताच्या एका झटक्यात रेबवार यांच्या तीन भाषांपैकी दोन गेल्या. इंग्रजी गेली, तिचे कोणाला फारसे वाईट वाटले नाही. मराठी गेली, आणि शैलजाबाईंना वाटले की आपले अर्धे घरच कोणीतरी उचलून नेले. उरली ती कुर्दी. कुर्दांच्या मुलखातल्या सुलेमानी शहराच्या गल्ल्यांत ज्या भाषेत त्यांचे सारे लहानपण भांडण्यात आणि आईच्या हातचा मार खाण्यात गेले, ती.

डॉक्टरांनी समजावून सांगितले की यात नवल नाही. मेंदूत भाषांच्या खोल्या वेगळ्या नसल्या तरी वाटा वेगळ्या असतात. पूर आला की एक वाट वाहून जाते, शेजारची तशीच राहते. कोणती राहील याचा नेम नसतो.

रेबवार तरुणपणी शिकायला म्हणून पुण्याला आले, आणि पदवी हातात पडल्यावर मिरजेच्या एका तंत्रनिकेतनात विद्युत विभागात शिकवू लागले. त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर, शैलजाबाई मापन-उपकरणांचे वर्ग घेत. लग्न झाले, मुलगी झाली, ती मोठी होऊन कॅनडात गेली. तोवर रेबवार इतके मिरजकर झाले होते की मंडईत भाजीवाल्याशी हुज्जत घालताना कोणी त्यांना परके म्हटले नसते. या सगळ्या काळात शैलजाबाईंना कुर्दी शिकण्याची गरजच पडली नाही. पाव, पाणी आणि दोन शिव्या एवढेच त्यांना येत होते.

आता २०४१ सालच्या मार्च महिन्यात जेवणाच्या टेबलावर दुभाष्या ठेवलेला असे. बांगडीएवढी काळी चकती; एका बाजूने कुर्दी ऐकायची, दुसऱ्या बाजूने मराठी बोलायची. टेबलापलीकडे गलावेज बसल्या होत्या, रेबवार यांची धाकटी बहीण, सुलेमानीच्या एका शाळेतून निवृत्त झालेल्या रसायनशास्त्राच्या शिक्षिका. त्या भावाला घेऊन जायला आल्या होत्या.

"आदरणीय मेहुणी," दुभाष्या म्हणाला, "मी माझ्या भावाला माझ्या निवासस्थानी नेण्याची इच्छा व्यक्त करते."

"मेहुणी नव्हे हो, वहिनी," शैलजाबाई म्हणाल्या. चकतीने त्याचे काय केले कोण जाणे. गलावेज यांनी विनयाने मान हलवली आणि पुढच्या वाक्यात पुन्हा मेहुणीच आली.

"तेथे त्याच्याशी बोलणारी माणसे आहेत. येथे तो भिंतीशी बोलतो."

हे वाक्य मात्र यंत्रातूनही नेमके लागले. शैलजाबाई उठल्या, खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीपाशी गेल्या आणि चहाचा कप रेबवार यांच्या डाव्या, चालणाऱ्या हातात दिला. त्यांनी कपात पाहिले, बायकोकडे पाहिले आणि भुवया उडवून भरभर काहीतरी बोलले.

"चहात साखर कमी आहे," दुभाष्या म्हणाला. "आपण चहा आणलात. आभारी आहे."

आपण. आणलात. आभारी आहे. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाने त्यांना कधी 'आपण' म्हटले नव्हते. हॉटेलातल्या पोऱ्याशीही ते याहून मोकळे बोलत.

"गलावेजताई, खरं सांगा," त्या टेबलाशी परत येऊन म्हणाल्या. "ते मला ओळखतात का?"

गलावेज यांनी खिडकीजवळच्या भावाकडे पाहिले. "तो आपल्याशी तसा बोलतो, जसा लहानपणी आम्हा बहिणींशी बोले. माझ्या मते तो आपल्याला आमच्यापैकी कोणीतरी समजतो. मला दुःख वाटते."

विमानाची दोन तिकिटे पुढच्या आठवड्याची होती.

*

रेबवार यांचे वाचा-उपचार ज्या इस्पितळात चालत, तिथे क्षितिजा ओतारी नावाची तरुण संशोधक होती. तिनेच सुचवले की जाण्याआधी एक प्रयोग करून पाहू.

"काकू, तुमच्या त्या चकतीत चूक नाही, तिच्या रस्त्यात चूक आहे," ती म्हणाली. "कुर्दीतून मराठीत जाणारं वाक्य आधी इंग्रजीत उतरतं. थेट गाडीच नाही."

तिने उदाहरण दिले ते शैलजाबाईंना लगेच पटले. कुर्दीत भावाची बायको ती बिराझन, नवऱ्याची बहीण ती दिश, बायकोची बहीण ती झनखुश्क आणि दिराची बायको हेवरझन. मराठीत वहिनी, नणंद, मेहुणी आणि जाऊ. चार बायका, दोन्हीकडे चार वेगळ्या खुर्च्या. इंग्रजीने मात्र चौघींना एकाच बाकावर बसवले आहे. बाकावरून उठवताना यंत्र हाताला लागेल तिला उठवते. 'तू' आणि 'आपण' यांचेही तेच. इंग्रजीत दोघांना एकच शब्द, म्हणून यंत्र सुरक्षित बाजूने 'आपण' म्हणते.

"मग थेट कोश का करत नाही?"

"करायला दोन्ही भाषांतला शेजारी ठेवलेला पुष्कळ मजकूर लागतो. कुर्दी-मराठी असा मजकूर आहेच कुठे? म्हणून आम्ही शब्द सोडून दिले आणि अर्थ पकडले."

मग तिने अर्थनकाशा समजावला. माणूस 'मीठ' म्हणतो तेव्हा मेंदूत एक विशिष्ट ठसा उमटतो. डोक्यावर बसवलेल्या टोपीतून कवटीत मंद अवरक्त प्रकाश सोडला की रक्तप्रवाहातल्या बदलांवरून तो ठसा वाचता येतो. 'मीठ' आणि 'समुद्र' यांचे ठसे एकमेकांच्या जवळ, 'मीठ' आणि 'शाळा' यांचे लांब. असे हजारो ठसे मांडले की गावांचा नकाशा तयार होतो. आणि गंमत अशी की माणसांच्या भाषा वेगळ्या असल्या तरी नकाशांचा आकार पुष्कळसा सारखा असतो. पारदर्शक कागदावरचे दोन नकाशे एकमेकांवर ठेवून फिरवत राहावे तसे ते फिरवायचे, गावावर गाव बसेपर्यंत. कोणत्या बाजूने फिरवायचे हे कळण्यासाठी काही पक्क्या खुंट्या लागतात: पाणी, आग, हात, आई, आणि सगळ्यांत मजबूत खुंटी म्हणजे दोघांच्या रोजच्या जगण्यातले अगदी जवळचे माणूस.

"म्हणजे आम्ही एकमेकांची खुंटी," शैलजाबाई म्हणाल्या.

"अगदी. तुमच्या नकाशात काका आणि काकांच्या नकाशात तुम्ही. तिथे ठसा एवढा ठळक असतो की चुकायला जागा नाही."

दोघांना शेजारी बसवून टोप्या चढवल्या; गलावेज भावाजवळ उभ्या होत्या. पाणी नीट बसले, आग बसली, आई तर फारच सुरेख बसली. मग क्षितिजा म्हणाली, "आता एकमेकांची नावं घ्या."

शैलजाबाईंनी घसा साफ केला. "रेबवार." स्वतःच्याच कानाला ते विचित्र लागले. रेबवार यांना खुणेने विचारल्यावर त्यांनी बायकोकडे पाहून थोडे अडखळत म्हटले, "शैलजा."

पडद्यावर दोन फिकट ठिपके उमटले. क्षितिजाने पुन्हा घ्यायला लावले, आणखी एकदा घ्यायला लावले. ठिपके तेवढेच फिकट राहिले. मतदार यादीतले एखादे नाव वाचताना उमटावेत तसे. खुंटी नाही म्हणून नकाशा बसला नाही. एका बाजूने लावावा तर दुसरीकडून सरके.

"यंत्र नवीन आहे, काकू," क्षितिजा चाचरत म्हणाली. "त्यावरून काही ठरवू नका."

पण शैलजाबाईंनी ठरवून टाकले होते. घरी आल्यावर त्यांनी गलावेजना एवढेच सांगितले, "न्या तुम्ही त्यांना. तुमच्याकडे बरे राहतील."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या रेबवार यांची बॅग भरायला बसल्या. लोकरीचे मोजे, दाढीचे सामान, उजव्या हाताच्या व्यायामाचा रबरी चेंडू. हात काम करत होते आणि डोके भलत्याच गोष्टीशी अडले होते.

त्यांचा स्वतःचा ठिपकाही फिकट होता.

वर्गात त्या पहिल्याच तासाला सांगत की उपकरण चुकीचे माप दाखवते आहे असा संशय आला तर ज्याचे माप आपल्याला पक्के ठाऊक आहे अशी वस्तू त्याला लावा. काल नकळत तेच झाले होते. रेबवार त्यांना ओळखतात की नाही हे कोणी सांगू शकत नव्हते. पण त्या रेबवारना ओळखतात, याबद्दल शंका घ्यायला जागा होती का? आणि यंत्राने त्यांनाही परके ठरवले होते. ज्या काट्याने माहीत असलेले वजन शून्य दाखवले, त्याने माहीत नसलेले वजनही शून्य दाखवले तर त्यावर रडायचे कशाला?

बॅग तशीच उघडी टाकून त्या रिक्षाने इस्पितळात गेल्या.

"टोपीतून जे येतं ते सगळं तू पडद्यावर घेतेस का?" त्यांनी दारातूनच विचारले.

"सगळं कसं घेणार? गाळणी आहे ना. अं, हं, म्हणजे, बरं... असले भरीचे उद्गार आधीच काढून टाकतो. त्यांना अर्थ नसतो, नुसता गोंधळ वाढतो."

"गाळ दाखव मला."

"काय?"

"गाळणीत काय अडकलं ते. गाळलेलं पाणी सगळेच बघतात."

क्षितिजाने नाइलाजाने टाकून दिलेल्या नोंदी उघडल्या. कालच्या तासाभरात शैलजाबाई नवऱ्याला काय काय म्हणाल्या होत्या ते ओळीने आले. अहो, टोपी सरळ करा. अहो, पाणी हवंय का? अहो, इकडे बघा. प्रत्येक 'अहो' गाळणीने उद्गार म्हणून वेगळा काढला होता, आणि प्रत्येकाखाली इतका ठळक ठसा होता की क्षितिजाने नकळत पडद्याचा उजेड कमी केला.

"मी त्यांचं नाव घेतलंय कुठे आयुष्यात," शैलजाबाई सावकाश म्हणाल्या. "फॉर्मवर लिहिलंय. माझी आई म्हणायची, जावई कुठल्या का मुलखाचा असेना, नवऱ्याला 'अहो'च म्हणायचं. लग्नानंतर सहा महिने त्यांना वाटत होतं की मराठीत 'अहो' म्हणजे रेबवार."

"मी तर नवऱ्याला सरळ अमेय म्हणते," क्षितिजा म्हणाली. "कधी त्याहून वाईट म्हणते. माझ्या डोक्यातच आलं नाही."

"तुझं चुकलं नाही. तुझं घर तसं आहे. आता त्यांचा गाळ काढ."

तिकडे एकच शब्द पुनःपुन्हा आला होता: किचे. कुर्दीत पोरीला मारायची हाक. तीही यंत्राने उद्गार म्हणून फेकली होती. काल टोप्या चढवताना गलावेजही खोलीत होत्या, आणि भावाने त्यांनाही एकदा तीच हाक मारली होती. क्षितिजाने दोन्ही ठसे शेजारी मांडले. बहिणीला मारलेली हाक नकाशाच्या एका कोपऱ्यात होती, आईच्या आणि जुन्या घराच्या वस्तीत. शैलजाबाईंना मारलेली त्या वस्तीच्या आसपासही नव्हती. ती पार दुसरीकडे, भात, भांडण, औषध आणि मुलगी यांच्या मधोमध ठळक उभी होती.

मराठी 'अगं' वाहून गेल्यावर हातात उरलेल्या भाषेतली जवळात जवळची हाक त्यांनी उचलली होती. आणि ती ते रोज मारत होते.

क्षितिजाने गाळणी बंद केली आणि एका खुंटीला 'अहो', दुसरीला 'किचे' बांधले. नकाशा हळूहळू फिरला, थरथरला आणि बसला.

शैलजाबाई पदराने चष्मा पुसत राहिल्या.

"एक सांगते," क्षितिजा म्हणाली. "आता हे यंत्र काकांचे अर्थ तुमच्या शब्दांत सांगेल. तुमच्याच नकाशातले शब्द घेईल ते. पण जिथे एका नकाशात गाव आहे आणि दुसऱ्यात माळरान, तिथे ते गप्प बसेल. उगाच काहीतरी ठोकून द्यायचं नाही, असं मी त्याला शिकवलंय."

"बरं केलंस," शैलजाबाई म्हणाल्या. "माणसांनाही शिकव."

*

त्या घरी आल्या तेव्हा गलावेज टेबलावर द्राक्षवेलीची कोवळी पाने पसरून बसल्या होत्या. सांगली-मिरजेच्या मळ्यांत ही पाने छाटून फेकतात हे कळल्यावर त्यांनी शेजाऱ्यांकडून मोठी टोपलीभर मागवली होती. त्यात भात आणि खिमा भरून त्यांच्या पद्धतीचा याप्राख होणार होता. क्षितिजाने तो नकाशा भरून दिलेली नवी चकती शैलजाबाईंनी टेबलावर ठेवली, चहा केला आणि कप घेऊन खिडकीशी गेल्या.

रेबवार यांनी घोट घेतला, भुवया उडवल्या आणि बोलले.

"अगं, साखर टाकायची विसरलीस," दुभाष्या म्हणाला, "का माझ्यावर कसला राग काढते आहेस?"

शैलजाबाईंनी त्यांच्याच कपातला एक घोट घेऊन पाहिला. "दोन चमचे घातलीय," त्या म्हणाल्या.

"मग मिरजेची साखर गोड राहिली नाही."

गलावेज यांनी पान गुंडाळता गुंडाळता मान वर केली. शैलजाबाईंनी खुर्ची ओढली आणि रेबवार यांच्यासमोर बसल्या. जे विचारायचे ते आता लांबवण्यात अर्थ नव्हता.

"अहो, ताई तुम्हाला न्यायला आल्यात. तुम्हाला जायचंय?"

रेबवार यांनी कप गुडघ्यावर टेकवला. मग एकदम दोघींकडे वळले आणि त्यांचा आवाज चढला.

"बेजार केलंत तुम्ही दोघींनी. एकीनं तिकिटं काढली, दुसरीनं बॅग भरली. मला कुणी विचारलं?"

"विचारलं होतं. पण ते यंत्र..."

"मी काय यंत्राला सांगत होतो? तुला सांगत होतो."

"काय सांगत होतात?"

"की मला जायचंय." ते थांबले. शैलजाबाईंनी नजर खाली घातली, पण वाक्य संपलेले नव्हते. "आणि तू चल. रोज म्हणतोय, अगं तू चल, अगं तू चल. तू आपली नुसती मान हलवून औषध देतेस." जुने यंत्र त्याचे 'आपण चला' एवढेच करी, आणि शैलजाबाईंना वाटे की ते बहिणीला म्हणत आहेत.

गलावेज यांचे हात थांबले. "हे खरं आहे वहिनी," त्या म्हणाल्या, आणि दुभाष्याने या वेळी वहिनीच म्हटले. "तो म्हणत होता. मला वाटलं, तो मला म्हणतोय. घरी चल, असं. लहानपणी असंच ओढायचा खेळातून."

"तुला कशाला म्हणू?" रेबवार बहिणीला म्हणाले. "तू तर तिथेच राहतेस."

गलावेज हसू लागल्या, आणि हसता हसता त्यांनी भाताच्या हातानेच डोळे पुसले. रेबवार आता शांतपणे बोलत होते.

"माझ्याकडे एकच भाषा उरलीय. ती बोलायला इथं माणसं नाहीत. बोललो नाही तर हीसुद्धा जाईल, मला कळतंय ते. तिथे आत्तेभाऊ आहेत, शेजारी आहेत, चहाच्या दुकानातली म्हातारी टोळी आहे. दिवसभर बडबडेन. पण घरी आल्यावर भांडू कुणाशी? हिच्याशी?"

"मी भांडते की," गलावेज म्हणाल्या.

"तू लगेच हरतेस."

शैलजाबाईंना हसू आले खरे, पण ते टिकले नाही. "अहो, मला तिथलं एक अक्षर कळणार नाही. चार माणसांत बसले तर मुक्यासारखी बसेन."

"पुण्याला उतरलो तेव्हा मला कुठे कळत होतं? स्टेशनबाहेर एकानं माझी ट्रंक उचलली, मी चोर समजून त्याला धरलं. तो हमाल होता." त्यांनी कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. "तिथे मी बोलेन. तू ऐक. ऑक्टोबरला द्राक्षांची छाटणी होते ना, तोवर परत येऊ. क्षितिजाचे व्यायाम तिथेही करीन. मराठी पुन्हा उगवली तर इथल्या मंडईत उगवेल, तिथे नाही."

असा प्रश्न सुटेल असे शैलजाबाईंच्या मनात आले नव्हते. त्यांनी मनाशी दोनच बाजू मांडल्या होत्या: ते इथे, नाहीतर ते तिथे. आपण स्वतः कुठे, हे त्या हिशेबात धरायलाच विसरल्या होत्या. कॅनडातल्या मुलीला कळवावे लागेल, कुंड्यांना पाणी घालायला कोणीतरी बघावे लागेल, व्हिसा लागेल. या सगळ्या अडचणी होत्या, आणि अडचणींची त्यांना कधी भीती वाटली नव्हती.

"ताई," त्या म्हणाल्या, "ती तिकिटं पुढे ढकलता येतील? मला व्हिसा मिळेपर्यंत?"

"ढकलली," गलावेज म्हणाल्या. फोन त्यांनी आधीच हातात घेतला होता.

रिकामा कप ठेवायला शैलजाबाई आत गेल्या आणि उकळत्या पाण्याचे पातेले घेऊन बाहेर आल्या. ते टेबलावर ठेवताच गलावेज त्यांच्याकडे पाहून म्हणाल्या, "मांदू नबी."

दुभाष्या काहीच बोलला नाही. त्याच्या कडेला एक पिवळा दिवा तेवढा लागला.

"बंद पडला?" शैलजाबाईंनी विचारले.

"बंद नाही पडला," रेबवार म्हणाले, आणि त्यांचे हे बोलणे मात्र दुभाष्याने सरळ सांगितले. "तुमच्याकडे ही गोष्टच नाही. कुणी काम करताना दिसलं की आमच्यात म्हणतात. शब्द बघितले तर, दमू नकोस. पण सांगायचं असतं ते असं, की तू राबते आहेस ते मी पाहिलं."

"आणि समोरच्यानं काय म्हणायचं?"

"सलामत बी."

सलामत हा शब्द तर मराठीतही होता. त्या गलावेजकडे वळून म्हणाल्या, "सलामत बी." गलावेज यांनी बाजूची खुर्ची पायाने सरकवून दिली.

शैलजाबाई बसल्या. थोडा विचार करून त्यांनी हात लांब केला आणि दुभाष्या बंद केला. तो का बंद केला ते गलावेज यांना कळले. त्यांनी टोपलीतले एक पान उचलून उजेडात धरले, वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या मुलीला दाखवावे तसे, आणि म्हणाल्या, "गलामेव."

"गळामेव," शैलजाबाई म्हणाल्या.

खिडकीजवळच्या खुर्चीतून रेबवार यांनी नाही म्हणून मान हलवली.

त्या पुन्हा म्हणाल्या.